बारा चिमटे

दिवाळीनंतर एका सकाळी शेजारच्या माई भिंतीशी आल्या त्या चहाच्या कपासकट तक्रार घेऊनच. "काय हो, माझे चिमटे तुमच्याकडे उडून आलेत का?"

आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी आहे. आमच्या बाजूनं तिच्यावर मधुमालती चढलीय, माईंच्या बाजूनं गिलकीचा वेल. (गिलकी म्हणजे घोसाळी. पण देवासात तीन पिढ्या काढल्यावर बाजारात घोसाळी मागितली तर भाजीवाला तोंडाकडे बघत राहतो.) वरच्या थरातली एक वीट माईंच्या कोपरानं गुळगुळीत झालीय. आमच्या अख्ख्या राधागंज मोहल्ल्याची खबर त्या विटेवरून आमच्याकडे येते आणि थोडी मीठमिरची लागून परत जाते.

"कसले चिमटे?"

"कपड्यांचे. लाकडी, बारा. चतुर्थीच्या बाजारातून आणलेले. दोरीवर एक राहिला नाही."

मी वानरांवर ढकललं. देवीच्या टेकरीवरची वानरं कधीमधी इकडे उतरतात, आमच्या पेरूची तर त्यांनी वाटच लावलीय. माई म्हणाल्या, "वानर नेईल तर साडी नेईल. चिमटे नेऊन त्याला काय धुणं वाळत घालायचंय?"

चोर संध्याकाळी सापडला. फोनवर, पुण्याहून. माईंचा नातू, लेकीचा मुलगा, बाळ्या. दिवाळीला चार दिवस येऊन गेला, जाताना चिवड्याचा डबा विसरला आणि आजीचे चिमटे मात्र आठवणीनं नेले.

"आजी, मोकळ्या मैदानात कार्यक्रम असला की वारा सुटतो. कागद उडतात. स्टँडला चिमटे लावावे लागतात. विकतचे प्लास्टिकचे तुटतात गं."

तर आता बाळ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण तो काय करतो हे आमच्या गल्लीत अजून चौघांना नीट कळलेलं नाही. बाळ्या सॅक्सोफोन वाजवतो. मुंबईतल्या एका स्विंग बँडमध्ये. चौदा जणं आहेत, आणि वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस ते घराबाहेर असतात.

आता हे तुम्ही देवासमधल्या एखाद्या मुलीच्या बापाला सांगून बघा. मागच्या वैशाखात इंदूरचं एक स्थळ आलं होतं. मी मुद्दाम पोहे घेऊन गेले, म्हणजे बोलणं ऐकता येईल. मुलीचे काका थोडे कमी ऐकतात. "मुलगा कुठे असतो?" माईंचे जावई म्हणाले, "बँडमध्ये." काका खूश. "बँकेत? वा! कुठल्या?" "बँकेत नाही हो, बँडमध्ये." काका जरा थांबले, मग चेहरा उजळला. "नोट प्रेस! बीएनपी!" आमच्या गावात सरकारी नोटांचा छापखाना आहे, त्यामुळे नोकरी म्हटलं की माणसांचं डोकं आधी तिकडेच धावतं. शेवटी बाळ्यानंच सांगितलं, "काका, मी बाजा वाजवतो." मग पोहे संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही. जाताना मुलीच्या आईनं हळूच मला विचारलं, "म्हणजे लाल कोट घालून, वरातीपुढे?"

मी म्हटलं, "नाही हो, काळा कोट." तेवढंच सुचलं.

माई चिडल्या होत्या, पण गंमत पुढे आहे. बाळ्यानं नंतर कबूल केलं की त्यांच्या बँडचे दहातले सहा कार्यक्रम लग्नांचेच असतात. उदयपूरला, गोव्याला, जयपूरला. श्रीमंतांच्या लग्नात आदल्या रात्री पाहुण्यांच्या हातात पेला असतो, तेव्हा कोपऱ्यात उभं राहून हे वाजवतात. मग त्या मुलीच्या आईचं काय चुकलं सांगा? फक्त घोड्याच्या पुढे की मांडवाच्या मागे, एवढाच फरक.

आणि शिकला कुठे? तोही वरातीतल्याच माणसाकडे. आमच्या मागच्या गल्लीत एक मास्टरजी राहायचे, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. कार्तिकातल्या देवउठनी ग्यारशीपासून आषाढातल्या भडली नवमीपर्यंत लग्नसराई, त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. मग देव झोपले की चार महिने हातात काम नसायचं. त्या चार महिन्यांत ते मुलांना शिकवायचे. बाळ्या आठवीत होता, सुट्टीत आजोळी आला की तिकडेच पडलेला. मास्टरजींना नोटेशन वाचता येत नव्हतं, पण सिनेमाचं गाणं एकदा ऐकलं की दुसऱ्या दिवशी बोटांत असायचं. डीजेच्या गाड्या आल्या आणि त्यांचा बँड बसला. एका डीजेच्या पैशात बारा माणसं कशी जेवणार? मास्टरजी गेले त्याला आता सात वर्षं झाली. बाळ्याच्या पेटीत त्यांनी दिलेलं एक जुनं माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, अजून आहे. वाजवत नाही, नुसतं जवळ ठेवतो.

दिवाळीत त्यानं त्या पेटीतलं सगळं सामान माईंच्या ओट्यावर मांडलं होतं. मी भिंतीवरून बघत होते. सॅक्सोफोन दिसायला पितळी, पण आवाज काढते ती एक इवलीशी पट्टी. बोरूच्या जातीच्या वेताची, अंगठ्याएवढी रुंद, टोकाला इतकी पातळ की उजेडात धरली तर आरपार दिसतं. तिला रीड म्हणतात. कोरडी असली तर बोलत नाही. आधी तोंडात धरून ओली करायची, चघळल्यासारखी, मग माउथपीसला लावून कसायची. प्रवासात हवा बदलली की रीड रुसते. मुंबईत दमटपणानं फुगते, आपल्याकडे येताच वाळून वाकडी होते. म्हणून इथं आला की तो दोन-तीन रीडा पाण्याच्या पेल्यात टाकून ठेवतो. ठेवल्या होत्या नेमक्या आजोबांच्या कवळीच्या पेल्याशेजारी. सकाळी आजोबांनी चष्मा न लावता हात घातला. माई म्हणाल्या, "घरात आधीच एक पेला दातांचा होता, आता दुसरा जिभेचा."

हे मी घरी सांगितलं तर आमच्या ह्यांना अगदी भरून आलं. हे निवृत्त झाल्यापासून कपाटातली कात्रणं आणि जुन्या तबकड्या यांच्यात असतात. "देवासच्या हवेचा हा जुनाच गुण," म्हणाले, आणि फॉर्स्टर काढला. ई. एम. फॉर्स्टर, इंग्रज कादंबरीकार. १९२१ मध्ये आमच्या संस्थानाच्या दोन पात्यांपैकी थोरल्या पातीच्या महाराजांचा, तुकोजीरावांचा, खाजगी चिटणीस म्हणून काही महिने इथं राहिला. त्यावर त्यानं १९५३ मध्ये पुस्तक काढलं, 'द हिल ऑफ देवी'. ती टेकडी म्हणजे आमचीच टेकरी. त्यात त्यानं लिहिलंय की राजवाड्यात पियानो होते, हार्मोनियम होती, सगळी वाद्यं नवीकोरी, आणि कोरड्या हवेनं तडकून एकही वाजण्याच्या लायकीचं नव्हतं. विलायतेहून जहाजानं आणलेला पियानो मुंबईत उतरवायचा, घाटानं वर चढवायचा, माळव्यात आणायचा, आणि पहिल्या उन्हाळ्यात त्याला भेगा. मग त्याच फॉर्स्टरच्या 'अ पॅसेज टू इंडिया'त संस्थानातला जन्माष्टमीचा सोहळा आहे, आणि भजन-टाळांच्या कल्लोळात इंग्रजी पद्धतीचा बँड वॉल्ट्झ वाजवतोय. तो सोहळा त्यानं आमच्या राजवाड्यातल्या गोकुळाष्टमीवरून घेतलाय.

माई म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडे पहिल्यापासूनच असं. पेटी फुटकी आणि बँड जोरात."

पण मूळ गोष्ट राहिली, ती म्हणजे हे फिरणं. दिवाळीच्या पाडव्याला रात्री आम्ही सगळे भिंतीच्या दोन्ही बाजूंनी खुर्च्या टाकून बसलो होतो, मध्ये विटेवर गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, बशी. जिरावण मसाला घातलेला गराडू समोर असला की बाळ्याला बोलतं करायला दुसरं काही लागत नाही.

बसमध्ये कुणी कुठं बसायचं हे ठरलेलं असतं म्हणे. ट्रॉम्बोनवाल्याच्या पुढच्या जागेवर कुणी बसत नाही, कारण त्याला चालत्या गाडीत सराव करायची खोड आहे आणि त्या वाद्याची नळी पुढे सरकते ती थेट डोक्यात. ढोलवाला, म्हणजे ड्रमवाला, सगळ्यांच्या आधी पोचतो आणि सगळ्यांच्या शेवटी निघतो, कारण त्याचं सामान मांडायला तास लागतो आणि आवरायला तास. म्हणून तो कायम थंड जेवतो. गायिकेला पुढची जागा, कारण मागच्या खिडक्या लागत नाहीत आणि वाऱ्यानं घसा बसतो. आणि सगळ्यांत मोठं लचांड म्हणजे डबल बास. माणसाहून उंच असं ते व्हायोलिनच्या आकाराचं धूड. बँडमध्ये त्याला 'म्हैस' म्हणतात. विमानात घेत नाहीत, घेतलं तर मोडून देतात. एकदा आगगाडीत तिच्यासाठी स्वतंत्र बर्थ काढला. टीसी आला, यादी बघितली, म्हशीकडे बघितलं, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "वय?" वाजवणाऱ्यानं सांगितलं, "साठ." टीसी म्हणाला, "मग खालचा बर्थ द्यायला हवा होता."

माईंना हसू आवरेना. पण त्यांच्या डोक्यात आपला हिशोब चालू होता. "जेवता कुठे?"

इथं बाळ्या जरा गप्प झाला. मोठ्या हॉटेलांत वाजवायला जातात तेव्हा आत जायचं ते मागच्या दारानं, जिथून भाजीची पोती आत येतात. काळा कोट, चकचकीत बूट, हातात वीसेक हजारांचं भाड्याचं मायक्रोफोनचं सामान, आणि बाजूला कांद्याची गोणी. जेवण पाहुण्यांचं झालं की. तेही एकदा राजस्थानातल्या एका लग्नात विसरलेच. रात्री दीडला चौदा माणसं सुटाबुटात महामार्गावरच्या ढाब्यावर दाल फ्राय खात होती. पैशाचंही तसंच. निम्मे आधी, निम्मे नंतर, आणि त्या 'नंतर'ला पाय फुटतात.

माई म्हणाल्या, "म्हणजे वाजंत्र्यांचंच नशीब. सनई दारात, पंगत मागच्या अंगणात."

मला वाटतं त्या रात्री बोललेल्यात हेच खरं होतं. ह्यांनी लगेच त्याला जोड दिली. ही स्विंगची तऱ्हा अमेरिकेतली, १९३० च्या दशकातली. तिथले कितीतरी मोठे बँड कृष्णवर्णीयांचे. रोज एका गावी कार्यक्रम, रात्रभर बस, सकाळी दुसरं गाव. दक्षिणेकडच्या राज्यांत ज्या हॉटेलात ते वाजवत तिथं त्यांना खोली मिळत नसे, खाणावळीत ताट मिळत नसे. ड्यूक एलिंग्टन नावाच्या बँडप्रमुखानं त्यावर तोड काढली. बँडसाठी रेल्वेचे झोपायचे डबेच भाड्यानं घेतले. कार्यक्रम असेल त्या गावाच्या स्टेशनात डबे बाजूच्या रुळावर उभे करायचे, तिथंच झोपायचं, तिथंच जेवायचं. बाहेर लोक म्हणायचे, केवढा थाट! थाट कसला, ती गरज होती. हाच एलिंग्टन १९६३ मध्ये आपल्याकडे आला होता, त्यांच्या सरकारनं पाठवलेला. दिल्लीत आजारी पडला आणि थेट रुग्णालयात. पुढे नोव्हेंबरात तुर्कस्तानात पोचला आणि अध्यक्ष केनेडींच्या हत्येची बातमी आली, दौरा तिथंच संपला.

"दिल्लीचं पाणी," माई म्हणाल्या. एलिंग्टनविषयी त्यांचं मत तिथं पक्कं झालं.

मग स्विंग म्हणजे काय हे निघालं. माईंचं साधं होतं, "स्विंग म्हणजे झोपाळाच ना? मग झोपाळा बँड म्हणायला काय होतं?" बाळ्या म्हणाला, "आजी, झोपाळाच आहे." कागदावर दोन सूर सारखे लिहिलेले असतात, पण वाजवताना पहिला जरा रेंगाळतो आणि दुसरा पटकन उरकतो. किती रेंगाळायचं ते लिहिता येत नाही. प्रत्येक बँडचं वेगळं. नवा माणूस आला की महिनाभर बसमध्ये, जेवताना, जिन्यावर सगळ्यांबरोबर राहिल्याशिवाय त्याला ते सापडत नाही. त्यानं विटेवर बोटांनी वाजवून दाखवलं. आजोबा एकदम म्हणाले, "अरे, ही तर टांग्याच्या घोड्याची दुडकी." अगदी तीच. पूर्वी सयाजी द्वाराकडून येणारे टांगे ऐकलेल्या माणसाला स्विंग वेगळा शिकवायला नको.

मी विचारलं, हे सोंग आपल्याकडे आलं कसं? आता ह्यांना आवरणं शक्य नव्हतं. तबकड्याच काढून आणल्या.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी नावाचा व्हायोलिनवाला आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. त्याच्या मागोमाग टेडी वेदरफर्ड आला, पियानोवाला. हा माणूस अमेरिकेतून निघाला तो शांघाय, कोलंबो, मुंबई करत शेवटी कलकत्त्यात टेकला, आणि १९४५ मध्ये तिथंच कॉलऱ्यानं गेला. या लोकांना ऐकून तयार झाले ते आपले गोवेकर. गोव्यात चर्चच्या शाळेत मेस्त्री मुलांना छडी हातात घेऊन सारेगमच्या आधी नोटेशन वाचायला शिकवायचा. त्यामुळे कागद समोर ठेवला की गोव्याचा पोरगा वाजवणार. पोटासाठी तो मुंबईला यायचा, आपल्या गावच्या 'कुडा'त उतरायचा. कूड म्हणजे धोबी तलाव, माझगावकडे एकेका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोल्या. भिंतीला ओळीनं ट्रंका, एका कोपऱ्यात देव्हाऱ्यासारखी वेदी, आणि ट्रंकेशेजारी पथारी. त्यात खलाशी, आचारी, आणि बाजावाले. थंडीत मुंबई-कलकत्त्याची हॉटेलं, उन्हाळा लागला की साहेब लोकांमागोमाग मसुरी, नैनिताल. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवणारा सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईत आला आणि शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यमेळाचं सगळं लिहू लागला.

आणि चिक चॉकलेट! हे नाव ऐकून माईंनी दोनदा विचारलं. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, बार्देशातल्या हळदोण्याचा, जन्म १९१६. ट्रंपेटवाला. अमेरिकेतल्या ट्रंपेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगला गुरू मानायचा आणि लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणायचे. आता मराठी माणसानं छाती फुगवायची जागा इथं आहे. पुणतांब्याचा रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी ह्या चिकला आणि त्याच्या साथीदारांना सिनेमात आणलं. १९५१ चा 'अलबेला', भगवानदादांचा. त्यात तो बँड पडद्यावरही दिसतो. एका बाजूला पुणतांब्याचा गवई, दुसऱ्या बाजूला हळदोण्याचा ट्रंपेटवाला, आणि मध्ये लताबाई. त्या तर आमच्या इंदूरच्या. १९२९ चा जन्म, आणि तोही वडिलांच्या, दीनानाथांच्या, बळवंत संगीत मंडळीच्या फिरतीच्या दिवसांत. आमचे हे म्हणतात, नाटक कंपनी आणि बँड यांत फरक पडद्याचा, बाकी बैलगाडीपासून उधारीपर्यंत सगळं एक.

मुंबई इलाख्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला आणि हॉटेलांमधले नाच थंडावले. मग ही सगळी मंडळी दादर-अंधेरीच्या स्टुडिओंत शिरली. संगीतकार गुणगुणणार, हे लिहून काढणार, पन्नास वादकांत वाटणार. तबकडीवर नाव संगीतकाराचं. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेला. 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन ज्याचं नाव सांगतो तो अँथनी गोन्साल्विस खराखुरा माणूस होता, माजोर्ड्याचा व्हायोलिनवाला, प्यारेलालचा गुरू. अर्ध्या देशाला नाव पाठ आणि माणूस ठाऊक नाही!

ह्यांनी 'अलबेला'ची तबकडी लावली. खरखर जास्त, गाणं कमी. पण मधला ट्रंपेट आला तसा बाळ्या खुर्चीत सरळ बसला. "काका, हा सूर बघा. जरा मागे ठेवलाय. मुद्दाम." पुन्हा लावली. पुन्हा तीच जागा. पाच वेळा. शेवटी समोरच्या भाभींनी खिडकीतून विचारलं, "भैया, सुई अटक गई क्या?"

माईंचं लक्ष त्यात नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "ह्याचं लग्न व्हायचं कसं हो? घरी राहणार कधी?"

मी काय सांगणार? आमच्या गावाला फिरण्याची आणि थांबण्याची, दोन्ही तऱ्हा माहीत आहेत. १९४८ मध्ये कुमार गंधर्व इथं आले ते क्षयानं आजारी होऊन, कोरड्या हवेसाठी. जी हवा पियानो फोडते तीच फुप्फुसाला चालते, बघा. गाणं बंद. वर्षानुवर्षं खाटेवर. आणि रस्त्यानं जाणाऱ्या बायका, भिकारी, जोगी गात होते ते पडल्यापडल्या ऐकलं. पुढे त्यातून जे केलं ते सगळ्या देशाला ठाऊक आहे, मी भिंतीवरून काय सांगू. मैफलींसाठी तेही हिंडले, पण परत यायचे ते टेकरीखालच्या घरी. एका गवयाला थांबल्यामुळे गाणं सापडलं आणि एक बँड थांबला की त्याची दुडकीच बिघडते. मी हे माईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे हो, पण मुलीच्या आईला काय सांगायचं?"

सांगण्यासारखं एक झालं. मार्गशीर्षात बाळ्या परत आला, दोनच दिवसांसाठी. इंदूरला कुणाच्या तरी लग्नात वाजवायचं होतं. तर ज्यांचं लग्न त्यांच्या नात्यात ते पोहेवालं स्थळ निघालं! काका तिथं होते. कार्यक्रम संपल्यावर म्हणे स्वतः स्टेजपाशी आले, बाळ्याचा हात हातात घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "छान वाजवता! दिवसा कुठल्या बँकेत असता?"

सकाळी मी उठले तर माई अंगणात. दोरीवर पांढरे शर्ट, सात. चौदा जणांचे शर्ट लाँड्रीत टाकायला वेळ नव्हता म्हणून निम्म्यांचे बाळ्यानं आजीकडे आणून टाकले होते. प्रत्येकाच्या कॉलरला आतून शाईनं वाद्याचं नाव लिहिलेलं, कारण बसमध्ये अदलाबदल होते. 'ट्रं. १', 'ट्रं. २', 'सॅ. ३'. म्हशीवाल्याच्या शर्टावर नुसतंच एक म्हशीचं चित्र. माई एकेक शर्ट झटकत होत्या, उलटा करून शिवणीला चिमटा लावत होत्या, म्हणजे खूण उठू नये.

"मिळाले वाटतं," मी म्हटलं.

"अकराच आणले. बारावा पुण्याला वाऱ्यानं गेला म्हणतो, कागदासकट. दुसऱ्या ट्रंपेटचं दुसरं पान. त्यानं म्हणे अंदाजानं वाजवलं आणि कुणाला कळलंही नाही."

मग भिंतीवरून हात पुढे केला. शेवटच्या शर्टाची एक बाही लोंबत होती.

"तुमच्याकडचा एक द्या बरं. लाकडीच द्या. आणि परत मागू नका, शुक्रवारी तो बडोद्याला निघालाय."

मी दोन दिले.